तटाची भिंत रातोरात उभी राहिली, आपल्याला साधी नळी सापडत नाही

मंडळी, मागच्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या जिन्याला ओल आली. प्लंबरने तीन ठिकाणी भिंत फोडली, नळी निघाली चौथ्या ठिकाणी. नकाशा मागितला तर तो कोणाकडेच नाही. तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे.

१५९५ च्या वेढ्याची गोष्ट प्रत्येक नगरकराला पाठ आहे. शहजादा मुरादच्या फौजेने भुईकोट किल्ल्याच्या तटाखाली सुरुंग पेरले. आतल्या लोकांनी काही शोधून निकामी केले, पण एक उडाला आणि तटाला भगदाड पडलं. चांदबीबी स्वतः तिथे उभी राहिली आणि रातोरात भिंत पुन्हा उभी केली. आपण तिचं शौर्य सांगतो, ते योग्यच आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. तट कुठे किती जाड, पाया कसा, माल कुठे ठेवलाय, हे माहीत असलेली माणसं आत असल्याशिवाय एका रात्रीत असं काम होत नाही.

ही माहिती त्या काळी कारागिरांच्या डोक्यात असायची. शहराला पाणी खापरी नळांतून यायचं, तेही जमिनीखालून. कारागीर गेले, त्यांच्याबरोबर माहितीही गेली. इतकी, की शहा डोंगरावरच्या सलाबतखानाच्या तीन मजली कबरीला आपण आजही ‘चांदबीबी महाल’ म्हणतो!

आता यावर उपाय आहे, तो म्हणजे इमारतीचं त्रिमितीय डिजिटल मॉडेल. लेझर स्कॅनर भिंतीवर किरण सोडतो आणि लाखो बिंदूंची अंतरं मोजतो. त्या बिंदूंतून संगणकावर अख्खी इमारत उभी राहते. दोन वर्षांनी पुन्हा स्कॅन केलं की भिंत किती कलली, तडा किती वाढला, हे समजतं. नव्या इमारतीत तर प्रत्येक नळी, वायर, तुळई मॉडेलमध्ये टाकता येते आणि तिच्यावर क्लिक केलं की कधी बसवली, दुरुस्ती कधी झाली, ते दिसतं. याला ‘बिम’ म्हणतात. आपल्याकडे नागपूर मेट्रोने बांधकामाचं वेळापत्रक आणि खर्चसुद्धा अशा मॉडेलला जोडला होता.

जुन्या वास्तूंचं म्हणाल, तर पॅरिसच्या नोत्र दामचं उदाहरण घ्या. अँड्र्यू टॅलन नावाच्या प्राध्यापकाने २०१० मध्ये ते चर्च लेझरने मोजून ठेवलं, शंभर कोटींहून जास्त बिंदू. २०१८ मध्ये तो वारला. एप्रिल २०१९ मध्ये चर्चचं छत जळालं, आणि त्याची मोजमापं पुनर्बांधणीत कामी आली. शेजारच्या गुजरातेत पाटणची राणी की वाव २०११ मध्येच अशी स्कॅन झाली आहे. मग १५८३ साली पूर्ण झालेल्या आपल्या फराहबागेचं आणि दमडी मशिदीचंही असं मॉडेल का असू नये?

कोणी म्हणेल, हे सगळं हौशी इतिहासवाल्यांचं खूळ आहे. तसं नाहीये. ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्याच तालुक्यात निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेचं छत कोसळलं आणि तीन मुलं गेली. मॉडेल असतं तर ती वाचली असती, असा दावा मी करणार नाही. पण कोणतं छत किती जुनं, शेवटची डागडुजी कधी झाली, याची नोंद प्रत्येक शाळेची एका जागी असायलाच हवी. मॉडेल म्हणजे शेवटी ही नोंदवहीच, फक्त तिच्यात भिंतीच्या आतलंही दिसतं. आणि वही लिहिणारा माणूस नसेल, तर महागडं मॉडेल हे नुसतं चित्र.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. नवी सरकारी इमारत ताब्यात घेताना ठेकेदाराकडून मॉडेल घ्या. जुन्या शाळांपासून आणि दवाखान्यांपासून मोजणी सुरू करा. आणि आपण? फराहबागेत गेलात की सेल्फीबरोबर एक फोटो भिंतीचाही काढा. दरवेळी त्याच जागेवरून काढा आणि तारीख टाकून जपून ठेवा. चारी बाजूंनी नीट काढलेल्या फोटोंतूनही मॉडेल तयार होतं.

तुमच्या सोसायटीचा नकाशा कोणाकडे आहे? आज विचारून बघा आणि खाली सांगा.