चाचे, सरखेल आणि पडद्यावरचा समुद्र

सागरी साहसाच्या कथांना चित्रपट आणि दूरचित्रवाणी या दोन्ही माध्यमांत मोठा प्रेक्षकवर्ग लाभला आहे. उत्तर युरोपातील व्हायकिंग असोत वा कॅरिबियन समुद्रातील चाचे, त्यांच्यावरील मालिका जगभर पाहिल्या जातात. त्यांत इतिहास किती आणि कल्पना किती, हा प्रश्न मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. एका जगप्रसिद्ध चाचेपटाने खुद्द आंग्रे घराण्याचे नाव चाच्यांच्या यादीत गोवले आहे.

शिंगांचे शिरस्त्राण

व्हायकिंग म्हटले की शिंगे असलेले शिरस्त्राण डोळ्यांसमोर येते. व्हायकिंग काळातील अशा शिरस्त्राणाचा पुरावा मात्र उत्खननात मिळालेला नाही. नॉर्वेत येरमुंडबू येथे १९४३ साली सापडलेले शिरस्त्राण शिंगांविना आहे. शिंगांची प्रतिमा रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात. वाग्नरच्या संगीतनाट्यांसाठी १८७६ साली कार्ल एमिल डप्लर यांनी केलेल्या वेशभूषेचा त्यात मोठा वाटा होता.

मायकल हर्स्ट यांच्या ‘व्हायकिंग्ज’ (२०१३ ते २०२०) या मालिकेने ही शिंगे टाळली. पण लिंडिसफार्नच्या मठावरील हल्ला ७९३ सालचा, तर रोलोला फ्रँक राजाने नॉर्मंडीचा प्रदेश दिला तो ९११ साली. मालिकेने रोलोला रॅग्नरचा भाऊ ठरवून हे शतकाहून मोठे अंतर एका पिढीत बसवले.

चाच्यांची गोष्ट याहून वेगळी नाही. फुली मारलेला खजिन्याचा नकाशा ही कल्पना लोकप्रिय झाली ती स्टीव्हन्सन यांच्या ‘ट्रेझर आयलंड’ (१८८३) या कादंबरीमुळे. ‘ब्लॅक सेल्स’ (२०१४ ते २०१७) या मालिकेत त्याच कादंबरीतील काल्पनिक पात्रे आणि चार्ल्स व्हेन, अ‍ॅन बॉनी यांसारखे खरे चाचे शेजारी शेजारी वावरतात.

आंग्रे : चाचे की आरमारप्रमुख?

‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ मालिकेतील २००७ सालच्या तिसऱ्या चित्रपटात जगातील नऊ चाचे-सरदारांची सभा भरते. त्यांत हिंदी महासागराचा सरदार म्हणून ‘सुंभाजी अँग्रिया’ नावाचे पात्र आहे. हे नाव कान्होजींचे पुत्र संभाजी आंग्रे यांच्यावरून घेतले आहे, हे उघड आहे. गंमत अशी की, या चित्रपटात ईस्ट इंडिया कंपनी खलनायक आहे. तरीही आंग्र्यांना चाचे ठरविणारी कंपनीचीच व्याख्या त्याने निमूटपणे स्वीकारली आहे.

वस्तुतः कान्होजी आंग्रे हे मराठी राज्याचे सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख होते. १७१३ साली बाळाजी विश्वनाथ यांच्या मध्यस्थीने ते छत्रपती शाहूंच्या पक्षात आले. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी आंग्र्यांचे दस्तक, म्हणजे परवाना घ्यावा, अन्यथा जहाज पकडले जाईल, असा त्यांचा नियम होता. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून ‘कार्ताझ’ या नावाने हेच करीत आले होते. एकाचा कायदा आणि दुसऱ्याची चाचेगिरी, हा भेद कृतीत नव्हता. दप्तर कोणाचे यात होता.

१७१८ साली इंग्रजांनी खांदेरीवर आणि १७२१ साली पोर्तुगीजांसह कुलाब्यावर केलेली स्वारी फसली. चाचा म्हणून गाजलेला ब्लॅकबिअर्ड १७१८ सालीच मारला गेला. मात्र त्याच्यामागे ना राज्य होते, ना किल्ले, ना करपद्धती. उथळ पाण्यात झपाट्याने फिरणारी आंग्र्यांची गुराबे व गलबते आणि किनाऱ्यावरील किल्ले ही एक सुसूत्र व्यवस्था होती.

अर्थात, दुसरी बाजूही झाकता येणार नाही. १७१२ साली आंग्र्यांच्या आरमाराने मुंबईच्या इंग्रज गव्हर्नराची नौका पकडली. तिच्यावरील कॅथरीन या तरुण इंग्रज स्त्रीचा पती लढाईत ठार झाला आणि पुढे तिच्या सुटकेसाठी खंडणी घेण्यात आली. तुळाजी आंग्र्यांचा १७५५-५६ साली पाडाव झाला, तोही पेशवे आणि इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत. सुवर्णदुर्ग घेणाऱ्या विल्यम जेम्स यांच्या स्मरणार्थ लंडनमध्ये १७८४ साली उभारलेला ‘सेव्हर्नड्रूग’ मनोरा आजही उभा आहे. इकडे भारतीय नौदलाने १९५१ साली मुंबईतील आपल्या तळाला ‘आंग्रे’ हे नाव दिले. एकाच इतिहासाची ही दोन स्मारके होत.

कादंबरीतून पडद्यावर

आपल्याकडे ऐतिहासिक चित्रपट बहुधा बखरीतून वा कागदपत्रांतून येत नाही, तो कादंबरीतून येतो. ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’वर, तर ‘छावा’ (२०२५) शिवाजी सावंत यांच्या कादंबरीवर आधारित आहे. काशीबाई आणि मस्तानी यांचे एकत्र नृत्य असो, वा संभाजी महाराजांचे लेझीम खेळणे, वाद झाला तो अशा प्रसंगांवर. लेझीमचे दृश्य तर प्रदर्शनापूर्वीच वगळण्यात आले. ‘ठग्स ऑफ हिंदोस्तान’ने (२०१८) मध्य भारतातील वाटमाऱ्या ठगांना थेट जहाजावर चढवले, त्यावर मात्र असा गदारोळ झाला नाही. पूज्य व्यक्तीचा नाच खटकतो, पण एका अख्ख्या कालखंडाचा भूगोल बदललेला खटकत नाही, ही आपल्या इतिहासप्रेमातील विसंगती आहे.

अचूकतेचे तीन स्तर

पडद्यावरील इतिहास तीन स्तरांवर तपासता येतो. पहिला स्तर वस्तूंचा : पोशाख, शस्त्रे, जहाजे. दुसरा घटनांचा : सनावळी, नातीगोती, स्थळे. तिसरा अर्थाचा : कोण कोणाच्या वतीने आणि कोणत्या अधिकाराने लढत होता. पहिल्या स्तरावरील चूक सहज दिसते आणि सहज सुधारताही येते. दुसऱ्या स्तरावर नाटककाराला काही सवलत द्यावीच लागते; शंभर वर्षे तीन तासांत बसवायची तर काळ दुमडावा लागतो. तिसऱ्या स्तरावरील चूक मात्र दोर आणि शिडे अगदी हुबेहूब असतानाही होऊ शकते आणि तीच सर्वांत जास्त टिकते.

यवतमाळ जिल्ह्यातील राजूरसारख्या, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या खाणींच्या गावातील मुलाला गुराब आणि गलबत भेटते ते बहुधा पडद्यावरच. त्याच्या मनात कान्होजी सरखेल म्हणून राहतील की लुटारू म्हणून, हे एखादा चित्रपटही ठरवू शकतो. आंग्र्यांवर उद्या भव्य चित्रपट निघालाच, तर त्यात दस्तकही असावे आणि कॅथरीनची खंडणीही. तुळाजींच्या पाडावात पेशव्यांचा हात होता, हेही असावे. रंजनाला त्याने बाधा येणार नाही; खरे नाट्य तर तिथेच आहे.