लाजेचे भांडवल

जालना भागात पेरलेले बियाणे उगवले नाही, तर शेतकरी गप्प बसत नाही. रिकामी पिशवी आणि पावती घेऊन तो कृषी अधिकाऱ्याचे दार गाठतो आणि पंचनामा झाल्याखेरीज हलत नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको स्थापन केली, तेव्हापासून बियाण्याची पेठ म्हणून या गावाचा लौकिक वाढला. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण तर त्याहून जुनी. परंतु अशा या हिशेबी मुलखातला एखादा तरुण ‘गुप्त’ जाहिरात वाचून फसला, तर तो कोणाकडे जातो? कोणाकडेच नाही. ठकाला नेमके हेच हवे असते.

हा धंदा आजचा नव्हे. १८७७ साली आपल्याकडे व्ही. पी. ची टपाल सुरू झाली आणि खेड्यापाड्यांतल्या माणसाला घरबसल्या मुंबई-कलकत्त्याचा माल मागवता येऊ लागला. मौज अशी, की पोस्टमनच्या हाती आधी पैसे ठेवायचे आणि मग पुडके फोडायचे! आत शक्तिवर्धक गोळ्या निघोत की खडूची भुकटी, परत मागण्याची सोय नाही. आणि समजा असली, तरी चावडीवर जाऊन काय म्हणून सांगायचे? वर्तमानपत्रांची नि मासिकांची पाने अशा जाहिरातींनी वर्षानुवर्षे भरत आली. विलायतेतही निराळी तऱ्हा नव्हती. तेथल्या वैद्यकसंघाने १९०९ साली अशा गुप्त औषधांचे पृथक्करण करून आतला माल किती कवडीमोलाचा असतो ते छापून टाकले.

आपल्याकडे या अंधारात दिवा लावू पाहणारा माणूस म्हणजे र. धों. कर्वे. १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक पदरमोड करून चालवले आणि लोक ज्या शंका मित्रालाही विचारीत नसत त्यांना सरळ, शास्त्रीय उत्तरे दिली. त्याचे बक्षीस काय मिळाले? १९३४ साली वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरीही कर्व्यांना २०० रुपये दंड झालाच. खरे सांगणारा आरोपीच्या पिंजऱ्यात आणि भुकटी विकणारा खुशाल दुकानात, असा हा न्याय!

कायदा जागा झाला तो १९५४ साली. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवर बंदी घालणारा तो कायदा १ एप्रिल १९५५ पासून अमलात आला. जालना तेव्हा हैदराबाद राज्यातल्या औरंगाबाद जिल्ह्यात होते. त्याचा स्वतंत्र जिल्हा व्हायला १९८१ साल उजाडले. कामशक्ती वाढवण्याची हमी देणारी जाहिरात गुन्हा ठरली; मंतरलेले ताईतही त्यात आले. १९५९ साली हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा गाभा उचलून धरला, पण झडती-जप्तीच्या मोकाट अधिकाराचे कलम रद्द केले. १९६३ मध्ये दुरुस्ती करून ती जागा भरावी लागली. तरीसुद्धा रेल्वेच्या रुळांलगतच्या भिंती कोऱ्या झाल्या नाहीत, हे प्रवासी जाणतातच.

आता भिंतीची जागा मोबाइलने घेतली आहे. संगतसोबतीच्या नावाखाली जाहिराती लागतात. आधी थोडी आगाऊ रक्कम, मग ‘अनामत’, मग आणखी काही, असे पैसे उकळले जातात. समोर यायला माणूस नसतोच. गिऱ्हाईक कुरकुरले, की खोटा फौजदार फोन करतो आणि घरी कळवण्याची धमकी देतो. त्याहून क्रूर गोष्ट अशी, की जाहिरातीतला फोटो पुष्कळदा कोणा निरपराध मुलीचा चोरलेला असतो. कधी सूडापोटी तिचा नंबरही टाकला जातो आणि अपरात्री तिचा फोन वाजू लागतो. पैशाने फसलेल्यापेक्षा मला काळजी वाटते ती या मुलीची. तिने तर काही मागवलेही नव्हते.

जून २०१६ मध्ये केंद्र सरकारने अशी २४० संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश दिला. नीतीची चाड म्हणून ते ठीक. पण संकेतस्थळ नाव बदलून दुसऱ्या दिवशी उभे राहू शकते आणि फसवणूक तशीच चालू राहते. ठकाची खरी नस म्हणजे पैसे जिथे जमा होतात ते बँकखाते. म्हणून १९३० हा सरकारी दूरध्वनी क्रमांक मला अधिक कामाचा वाटतो. तक्रार लवकर गेली, तर रक्कम पुढे सरकण्याआधी बँकेत रोखता येते. तोतयेगिरी, फसवणूक, खंडणी हे सारे गुन्हेच आहेत, मग जाहिरात कशाचीही असो. फोटो चोरीला गेलेल्या मुलीने तर जाहिरात दिसताच तिचे चित्र जपून ठेवावे, तारीख-वेळ टिपावी आणि घरातल्या कोणाला तरी सोबत घेऊन पोलीस ठाणे गाठावे. तिच्या आईवडिलांनी त्या वेळी ‘तू कुठे काय केलेस?’ हा प्रश्न तेवढा विचारू नये.