प्रस्तावना : नागपूरची खुर्ची, छत्तीसगडची माणसे

मध्य प्रांताच्या राजकारणात नव्याने शिरणाऱ्या अभ्यासकाला पहिली ठेच लागते ती भूगोलाची. राजधानी नागपूर, म्हणून सारे काही नागपुरातच घडले असावे असे आपण गृहीत धरतो. पण 1937 ते 1939 या काळात या प्रांताच्या मंत्रिमंडळाचे जे तीन प्रमुख झाले, त्यांतले दोघे छत्तीसगडात वकिली करून पुढे आलेले : बिलासपूरचे बॅरिस्टर ई. राघवेंद्र राव आणि रायपूरचे पं. रविशंकर शुक्ल. तिसरे डॉ. नारायण भास्कर खरे. जन्माने पनवेलचे, पेशाने डॉक्टर, राजकारणाने नागपूरचे. मराठी वाचकाला बहुधा हे तिसरेच ठाऊक असतात, तेही 'खरे प्रकरणा'मुळे.

त्या प्रकरणावर थोडे थांबायला हवे, कारण सगळे कोडे तिथेच आहे. मे 1938 मध्ये पचमढीत सहकाऱ्यांशी झालेली तडजोड टिकली नाही. 20 जुलैला खरे यांनी राजीनामा दिला. त्यांच्या बाजूचे मंत्री गोळे आणि देशमुखही बाहेर पडले. शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता मात्र हलेनात : पक्षश्रेष्ठींचा आदेश आल्याशिवाय राजीनामा नाही. गव्हर्नर वायली यांनी तिघांना बडतर्फ केले, खरे यांनी नवे मंत्रिमंडळ बनवले आणि वर्ध्याहून काँग्रेस कार्यकारिणीचा दट्ट्या येताच दोन दिवसांत तेही सोडले. महिनाअखेरीस शुक्ल प्रमुख झाले.

मराठीत हे सगळे 'मराठी विरुद्ध हिंदी' असे सांगून मोकळे होण्याची सवय आहे. मला ती अपुरी वाटते. ज्या रायपुरात शुक्लांचे राजकारण रुजले, तिथे माधवराव सप्रे मराठी घरातले, पण लेखणी हिंदीची. 1900 मध्ये पेंड्र्याहून निघालेल्या 'छत्तीसगढ मित्र'चे ते संपादक. त्या पत्राला हातभार लावणारे वामनराव लाखेही मराठीच. भाषेच्या भिंती इथे कधीच एवढ्या पक्क्या नव्हत्या. भाषेचा ताण होता, नाही असे नाही. पण 1938 चा खरा प्रश्न वेगळा होता : प्रमुखाला आपले सहकारी स्वतः ठेवता-काढता येतात, की ते पक्षाचे असतात?

हाच प्रश्न अमेरिकेला जन्मतःच पडला होता. वॉशिंग्टन अध्यक्ष झाले त्याच वर्षी, 1789 मध्ये, खातेप्रमुखाला अध्यक्षाने एकट्याने काढावे की सिनेटची संमती घ्यावी यावर तिथल्या काँग्रेसमध्ये मोठा वाद झाला आणि कौल अध्यक्षाच्या बाजूने पडला. तरी 1833 मध्ये अँड्र्यू जॅक्सन यांनी राष्ट्रीय बँकेतल्या सरकारी ठेवींवरून अर्थमंत्री डुएन यांना काढले तेव्हा पुन्हा काहूर उठले. पुढच्या वर्षी सिनेटने जॅक्सन यांच्यावर ठपका ठेवला. तिथे निदान अध्यक्ष मतदारांकडे बोट दाखवू शकत होता. नागपुरात 1935 च्या कायद्याने मंत्री गव्हर्नरच्या मर्जीवर, आणि नीतीने श्रेष्ठींच्या. या कात्रीत खरे सापडले. त्यांचा मुद्दा घटनेच्या दृष्टीने लेचापेचा नव्हता, असे मला वाटते. चूक झाली ती गव्हर्नरच्या हातून वार करवून घेण्यात.

रायपूरच्या मराठी वाचकाला इथे एक आयता लाभ आहे. खरे यांची बाजू आणि मिश्र-शुक्लांची बाजू त्यांच्या त्यांच्या भाषेत, दुभाष्याशिवाय तो वाचू शकतो. मात्र शुक्लांची सुरुवात 1938 पासून धरू नये. त्याआधी ते रायपूर जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष होते, आणि कारभाराची त्यांची रीत समजून घ्यायला शाळा, शिक्षक, रस्ते यांचा तो रुक्ष काळच उपयोगी पडतो. शेवटाकडून पाहायचे तर 1 नोव्हेंबर 1956 ला ते नव्या मध्य प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री झाले, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि 31 डिसेंबरला शुक्लांचे निधन झाले.

राघवेंद्र राव यांना मात्र दोन्ही भाषांनी बाजूला ठेवले. कामठीत जन्मलेला हा तेलुगू माणूस 1936 मध्ये काही काळ प्रांताचा हंगामी गव्हर्नर होता, आणि काँग्रेसने पदग्रहण लांबवल्यावर एप्रिल ते जुलै 1937 मंत्रिमंडळ त्याने चालवले. सरकारधार्जिणा म्हणून त्याला निकालात काढणे सोपे आहे; पण ज्याला या क्षेत्रात खरोखर नवे काही करायचे असेल त्याने बिलासपूरपासून सुरुवात करावी.