अर्ध्यावर थांबवलेलं पान

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका ताईंनी विचारलं होतं, "सर, घाटकोपरच्या वाण्याकडची मामरी म्हणजेही गोळी चहा आणि तैवानचा ऊलाँगही गोळीच. मग भावात एवढी तफावत का?" आमच्या मते याचं उत्तर इतिहासात आहे.

मुंबईचं चीनशी नातं जुनं. जमशेटजी जीजीभाईंनी कँटनच्या सफरी केल्या त्या काळात इथून कापूस आणि माळव्याची अफू तिकडे जायची. तिथला चहा मात्र लंडनची वाट धरायचा. म्हणजे पैसे भागवले आपल्या बंदरानं आणि पेला उचलला दुसऱ्यानं! ऊलाँग त्याच चीनच्या फूजियन प्रांतातला. तिथून तो समुद्र ओलांडून तैवानला गेला, आणि १८६९ साली जॉन डॉड या ब्रिटिश व्यापाऱ्यानं तैवानी ऊलाँग थेट न्यूयॉर्कला धाडला.

आता कारखान्यात शिरू. खुडलेलं पान आधी उन्हात, मग सावलीत पसरट टोपल्यांमध्ये कोमेजू देतात. मधूनमधून पाखडतात. त्यानं कडा ठेचतात, हवा लागून लालसर होतात. मधला भाग हिरवाच राहतो. काळ्या चहात ही क्रिया शेवटाला जाऊ देतात, हिरव्यात सुरूच होऊ देत नाहीत. ऊलाँगमध्ये ती मध्येच थांबवायची. पण कधी? ते ठरवणारा जाणता माणूस रात्री-अपरात्री टोपलीत नाक घालून बघतो. न्यायदर्शनात ज्याला घ्राणज प्रत्यक्ष म्हणतात, त्याच्या भरवशावर अख्खा कारखाना चालतो बघा. वास पालटला की पान तापलेल्या फिरत्या पिंपात टाकायचं. उष्णतेनं क्रिया थांबते. मग ते कापडात घट्ट बांधून, गाठोडं यंत्रावर दाबत फिरवायचं, सोडायचं, मोकळं करायचं, गरम करून पुन्हा बांधायचं. असं कितीतरी वेळा. पूर्वी ही गाठोडी पायांनी मळत. शेवटी सुकवणी. यात दीड-दोन दिवस जातात, पण पान अखंड राहतं.

मामरीचं तसं नाही. १९३० मध्ये आसामातल्या अमगुरी मळ्यात विल्यम मॅककर्चर यांनी सीटीसी यंत्र आणलं. त्याचे दातेरी रूळ एकमेकांविरुद्ध, कमीजास्त वेगानं फिरतात; पान चिरडतं, फाटतं, वळतं. सगळीकडून हवा लागल्यानं क्रिया झटपट होते, रंग दाट उतरतो, थोड्या पुडीत जास्त कप निघतात.

कला गेली म्हणून आमचे काही मित्र हळहळतात. आम्हाला ते अर्धंच पटतं. मुलुंड-भांडुपच्या कारखान्यांतून पाळी संपवून निघालेल्या कामगाराला परवडला तो हाच चहा, आमचं एम.ए. सुद्धा याच कटिंगवर झालं. गेलं ते एवढंच, की पुडीत पान दिसेनासं झालं, आणि ते खुडणारी बाई आठवेनाशी झाली.

असो. टेबलावर काचेच्या पेल्यात आठ-दहा गोळ्यांवर गरम पाणी ओतून ठेवलंय. मागच्या रांगेतल्यांनीही पुढे या. देठासकट पान उलगडलेलं दिसेल, नीट पाहिलंत तर कडेचा लालपणाही. आणि हो, दूध मागू नका.