परक्याची दाद कोणी मागावी?

न्यायासनापुढे उभे राहण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न वरकरणी फार लहान वाटतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला, असे उत्तर देऊन आपण मोकळे होतो. परंतु ज्याला उद्या देशाबाहेर घालवायचे आहे, जो कोठडीत आहे, ज्याला येथील भाषा येत नाही, त्याने दाद मागायची कशी? गलबत सुटले की वादी गेला आणि त्याच्याबरोबर वादही गेला. म्हणूनच परक्याच्या वतीने दुसऱ्याला बोलू द्यावे की नाही, हा प्रश्न केवळ वकिलांचा राहत नाही. तो तुमचा-आमचाही होतो.

या प्रश्नाचे एक जुने उत्तर लंडनमध्ये सापडते. जेम्स सॉमरसेट हा आफ्रिकी गुलाम १७६९ साली आपल्या धन्याबरोबर बॉस्टनहून इंग्लंडला आला. १७७१ मध्ये तेथे त्याचा स्नानसंस्कार झाला. पुढे तो धन्याकडून निसटला. परंतु त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पकडला गेला. जमैकात नेऊन विकण्याच्या हेतूने त्याला बेड्या घालून टेम्स नदीतील एका गलबतावर डांबण्यात आले. त्या वेळी लॉर्ड मॅन्सफील्ड या न्यायाधीशांकडे धाव घेतली ती त्याच्या धर्ममातापित्यांनी. रक्ताचे नाते नाही, मालमत्तेचा संबंध नाही. नाते होते ते केवळ स्नानसंस्काराचे. त्यांनी मागितला ‘हेबिअस कॉर्पस’चा हुकूम, म्हणजे बंदिवानाला सदेह न्यायासनापुढे हजर करा, अशी आज्ञा. बंदिवानासाठी हा अर्ज त्याचा स्नेहीही करू शकतो. कारण कोठडीतल्या माणसाचा हात न्यायालयापर्यंत पोहोचत नाही, हे कायद्याने आधीच ओळखलेले आहे. २२ जून १७७२ रोजी सॉमरसेट मुक्त झाला. गुलामाला सक्तीने देशाबाहेर नेण्याचा अधिकार इंग्लंडच्या कायद्याने कोणत्याही धन्याला दिलेला नाही, असे मॅन्सफील्ड यांनी ठरविले.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्या राज्यघटनेने दोन शब्द विचारपूर्वक योजले आहेत. देशात कोठेही राहण्याचे व स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य देणारे एकोणिसावे कलम ‘नागरिकां’विषयी बोलते, जीवित व स्वातंत्र्याचे रक्षण करणारे एकविसावे कलम ‘व्यक्ती’विषयी बोलते. परकीयांचे सारे खटले या दोन शब्दांमधल्या अरुंद वाटेवरून चालत आले आहेत. १९५५ साली हान्स म्युलर या जर्मन नागरिकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की परकीयाला घालवून देण्याचा सरकारचा अधिकार अनिर्बंध आहे.

१९९१ सालचा खटला आपल्या अधिक जवळचा. लुई द राएट हे बेल्जियन मिशनरी १९३७ पासून भारतात होते. सरकारने त्यांची राहण्याची मुदत वाढविण्यास नकार दिला, तेव्हा त्यांनी स्वतः सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. दार उघडले, त्यांचे म्हणणे ऐकले गेले; परंतु हाती काही आले नाही. एकविसाव्या कलमाचे संरक्षण परकीयालाही आहे, मात्र त्यात येथे वास्तव्य करण्याचा हक्क येत नाही, असा निकाल झाला. पन्नासाहून अधिक वर्षांचा सहवासही कायद्याच्या तराजूत नागरिकत्वाइतका भरला नाही. दाद मागण्याचा अधिकार आणि दाद मिळणे यांतील अंतर या निकालाने दाखवून दिले.

दरम्यान ते दार मात्र रुंदावत होते. १९८१ च्या अखेरीस, न्यायाधीशांच्या बदल्यांसंबंधीच्या एका खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी नवा विचार मांडला. दारिद्र्यामुळे किंवा असहायतेमुळे जो स्वतः न्यायालयात येऊ शकत नाही, त्याच्यासाठी सद्हेतूने कोणीही नागरिक येऊ शकतो. ‘तुमचा यात काय संबंध?’ या जुन्या प्रश्नाची धार त्यामुळे बोथट झाली.

या विचाराचे मोठे फळ चकमांच्या प्रकरणात दिसले. चितगाव डोंगराळ प्रदेशातील हे बहुतांशी बौद्ध लोक. कप्ताई धरणाने त्यांची शेतेघरे बुडविली. १९६४ पासून ते भारतात आले आणि आजच्या अरुणाचल प्रदेशात त्यांना वसविण्यात आले. पुढे तेथील विद्यार्थी संघटनेने त्यांना सप्टेंबर १९९५ अखेरपर्यंत निघून जाण्याची तंबी दिली. सुमारे ६५ हजार माणसांचा हा प्रश्न होता. तो न्यायालयात नेला राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने. १९९३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या आयोगाचे स्वतःचे घर काही मोडले जात नव्हते. तरी तो दुसऱ्याच्या घरासाठी वादी झाला. ९ जानेवारी १९९६ रोजी सरन्यायाधीश अहमदी यांच्या पीठाने निकाल दिला: प्रत्येक चकमाच्या जीविताचे रक्षण राज्याने करावे, कायद्याबाहेर कोणालाही घराबाहेर काढू नये आणि नागरिकत्वाचे अर्ज केंद्राकडे पाठवावेत.

द राएट एकटे आले आणि हरले. चकमांसाठी दुसरा आला आणि जिंकला. परंतु यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. १९९६ मध्ये मागणी कायमच्या वास्तव्याची नव्हती, जीविताच्या रक्षणाची होती. म्हणून ती एकविसाव्या कलमात बसली. नागरिकत्वाचे अर्ज तर रेंगाळतच राहिले आणि तीन महिन्यांत ते मार्गी लावा, असे त्याच न्यायालयाला २०१५ साली पुन्हा सांगावे लागले.

एप्रिल २०२१ मध्ये जम्मूतील रोहिंग्यांच्या अर्जावर तोच धागा पुढे आला. घालवून न देण्याचा हक्क वास्तव्याच्या हक्काशी जोडलेला असल्याने तो नागरिकांचाच. मात्र विहित कार्यपद्धती पाळल्याखेरीज कोणालाही परत पाठवू नये, असा तो आदेश होता. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून नव्या कायद्याने घेतली आहे. राज्यघटनेतील ते दोन शब्द मात्र तेच आहेत.

मग हाती उरते ती कार्यपद्धती. ती तुटपुंजी वाटेल, पण तिला तुच्छ लेखू नये. कार्यपद्धती म्हणजे अवधी. आणि अवधी म्हणजे माणसाचे म्हणणे ऐकले जाण्याची संधी. आपल्या कित्येक घरांतील मुले आज आखातात व दूरदेशी परकी म्हणून राबत आहेत. त्यांच्यावर प्रसंग ओढवला, तर तेथे कोणीतरी त्यांच्या वतीने बोलावे असे आपल्याला वाटणारच. तोच न्याय आपल्या दारी आलेल्यालाही लागू आहे. मानवी हक्क आयोगाकडे तक्रार पीडिताने स्वतःच करावी, असे बंधन नाही. त्याच्या वतीने कोणालाही ती करता येते. कायद्याने एवढा दरवाजा उघडा ठेवला आहे. त्यातून आत जाऊन परक्याचे नाव उच्चारण्याचे काम मात्र कायदा करीत नाही. ते शेजाऱ्यालाच करावे लागते.