कोमागाटा मारू

२३ मे १९१४ रोजी ‘कोमागाटा मारू’ हे जहाज ३७६ भारतीय उतारूंसह कॅनडातील व्हँकूव्हर बंदरात आले. उतारू ब्रिटिश प्रजाजन होते, आणि कॅनडाही त्याच साम्राज्याचा भाग. तरीही अधिकारी जहाजावर चढून तपासणी करीत. थोडक्यांखेरीज कोणासही किनाऱ्यावर उतरू देत नसत. मायदेशाहून अखंड प्रवास करून आलेल्यासच प्रवेश, असा नियम होता. आणि भारतातून तसा प्रवास घडविणारी जहाजसेवाच उपलब्ध नव्हती! १९ जुलैला पोलीस जहाजाचा ताबा घेण्यास आले, तेव्हा उतारूंनी दगडी कोळशाच्या माऱ्याने त्यांस परतविले. २३ जुलैला युद्धनौकेच्या पहाऱ्यात जहाज माघारी फिरले. २९ सप्टेंबरला कलकत्त्याजवळ बजबज येथील गोळीबारात अनेक उतारू मारले गेले. कॅनडाने संसदेत क्षमा मागितली, ती २०१६ साली. तपासणीचा अधिकार राज्यास हवाच; परंतु नियमच प्रवेश नाकारण्यासाठी रचलेला असेल, तर तपासणीस अर्थ तो काय उरला?