माजघराची फिर्याद सदरेवर

जुन्या मराठी वाड्यांत सदर आणि माजघर हीं दोन स्थानें निराळीं असत. सदरेवर कारभार चाले, तंट्यांचा निवाडा होई, आल्यागेल्याची ऊठबस होई. माजघरांत जें घडे तें उंबऱ्याबाहेर जाऊं द्यावयाचें नाहीं, अशी रीत असे. नागपूरच्या सदर या वस्तीचें नांव ऐकलें म्हणजे या जुन्या भेदाची सहज आठवण होते. इंग्रजी छावणीच्या आश्रयानें भरणारा मुख्य बाजार तो सदर बाजार. हिंदुस्थानांतील कितीएक छावण्यांतून हें नांव आढळतें. नागपुरांत तें एका सबंध वस्तीलाच चिकटून राहिलें. या वस्तीला लागूनच सिव्हिल लाइन्स आहे, आणि तेथें जिल्हा न्यायालय व मुंबई उच्च न्यायालयाचें नागपूर खंडपीठ आहे. सदरमधल्या एखाद्या घरांतून तेथवर पायीं जाण्यास फारसा वेळ लागत नाहीं. परंतु माजघरांत मार खाणाऱ्या स्त्रीला तेवढेंच अंतर तोडावयास कायद्याचीं शंभराहून अधिक वर्षें लागलीं. तो प्रवास कसा झाला, हें पाहण्यासारखें आहे.

एकोणिसाव्या शतकांत दिवाणी न्यायालय पतिपत्नींच्या तंट्यांत पडत असे. पण तें बहुधा पतीच्या हांकेला ओ देऊन. पत्नी नांदावयास येत नाहीं म्हणून दावा करतां येई, आणि हुकूम मोडणाऱ्या स्त्रीला तुरुंगाची वाट दाखवितां येई. मुंबईच्या रखमाबाईंचा खटला सर्वांस ठाऊक आहे. अकराव्या वर्षीं लग्न झालेल्या या मुलीनें जाणती झाल्यावर नांदावयास जाण्याचें नाकारलें. पति दादाजी भिकाजी यांनीं १८८४ सालीं दावा लावला. १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्ही यांनीं रखमाबाईंच्या बाजूनें निकाल दिला. पण तो टिकला नाहीं, आणि १८८७ च्या मार्चांत, नवऱ्याकडे जा नाहीं तर सहा महिने कैद भोग, अशा अर्थाचा हुकूम झाला. रखमाबाईंनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ सालीं दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि पुढें त्या विलायतेंत वैद्यक शिकून डॉक्टर झाल्या. नांदावयास न जाणाऱ्या स्त्रीला कैदेंत घालण्याची ती तरतूद कायद्याच्या पुस्तकांतून नाहींशी व्हावयास मात्र १९२३ साल उजाडावें लागलें.

घरांत मार बसला तर काय, या प्रश्नाला त्या काळच्या कायद्याजवळ सरळ उत्तर नव्हतें. दुखापतीचा गुन्हा दंडविधानांत होता, आणि तो नवऱ्यालाहि लागू होता. पण चौकीवर गेलेल्या स्त्रीला 'घरचें भांडण घरांतच मिटवा' असा उपदेश मिळे. शिवाय कायदाहि धर्मागणिक वेगळा. सदरसारख्या वस्तीकडे पाहिलें तर हें विशेष ध्यानांत येतें. कारण तेथें हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती अशीं कुटुंबें एकमेकांच्या शेजारीं नांदत आलीं आहेत. ख्रिस्ती स्त्रीला १८६९ च्या कायद्याप्रमाणें केवळ क्रूरतेच्या आधारावर घटस्फोट मिळत नसे; क्रूरतेला पतीच्या व्यभिचाराची जोड द्यावी लागे, आणि ही अट २००१ पर्यंत टिकली. मुसलमान स्त्रीला १९३९ च्या कायद्यानें पतीच्या क्रूरतेवरून विवाह रद्द करून घेण्याचा मार्ग मिळाला. हिंदु स्त्रीला घटस्फोटच नव्हता. एका भिंतीच्या अलीकडे व पलीकडे बसणारा मार सारखाच. त्यावरचा उपाय मात्र निरनिराळा, आणि तोहि अपुरा.

या स्थितीविरुद्ध नागपुरांत जो आवाज उठला, त्याची नोंद घेतली पाहिजे. १९४२ च्या जुलै महिन्यांत दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद नागपुरास भरली, आणि तिला जोडून २० जुलै रोजीं स्त्रियांची स्वतंत्र परिषद झाली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानीं होत्या, आणि हजारों स्त्रिया जमल्या होत्या. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्यांच्यापुढें भाषण केलें, आणि पत्नीनें पतीची मैत्रीण व बरोबरीची म्हणून उभें राहावें, दासी होण्याचें नाकारावें, असा बोध केला. घटस्फोटाचा हक्क असावा व बहुपत्नीकत्व बंद व्हावें, असे ठराव त्या स्त्रियांनीं केले. सुशिक्षितांच्या सभांतूनहि ज्या मागणीचा उच्चार दबकत होत असे, ती या कष्टकरी स्त्रियांनीं उघड मांडली.

पुढें १९४६ सालीं विवाहित हिंदु स्त्रियांच्या विभक्त निवासाचा व पोटगीचा कायदा झाला. ज्या क्रूरतेमुळें पतीजवळ राहणें धोक्याचें किंवा अनिष्ट ठरेल अशी क्रूरता, दुसरें लग्न, पतीनें टाकून देणें इत्यादि कारणांसाठीं पत्नीला वेगळें राहून पोटगी मागतां येऊं लागली. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें घटस्फोट आला; परंतु क्रूरता हें स्वतंत्रपणें घटस्फोटाचें कारण व्हावयास १९७६ ची दुरुस्ती व्हावी लागली. हे सर्व कायदे मोलाचे होते, यांत शंका नाहीं. तरी त्या सर्वांत एक गोष्ट समान होती. त्यांनीं स्त्रीला घराबाहेर पडण्याची वाट दिली. घरांत निर्भयपणें राहण्याची दिली नाहीं. मारणारा घरांत राही आणि मार खाणारी बाहेर पडे. ज्या स्त्रीला माहेर उरलें नाहीं, हातीं पैसा नाहीं, पदरीं मुलें आहेत, तिला वेगळ्या निवासाचा हक्क म्हणजे पायांखालची जमीन सोडण्याचा हक्क होता.

दुसरी वाट शिक्षेची. तिच्या इतिहासांतहि विदर्भाचें नांव आहे. १९७२ सालीं चंद्रपूर जिल्ह्यांतील देसाईगंजच्या पोलीस चौकींत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयानें आरोपी पोलिसांना सोडलें, नागपूर खंडपीठानें १९७६ मध्यें त्यांना दोषी ठरविलें, आणि १९७८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें पुन्हा निर्दोष सोडलें. यावर उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार व रघुनाथ केळकर या चौघां विधिज्ञांनीं १९७९ सालीं सरन्यायाधीशांस उघडें पत्र लिहिलें, आणि देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. नागपुरांत सीमा साखरे यांनीं स्त्री अत्याचार विरोधी परिषदेच्या द्वारें हेंच काम पुढें नेलें. या चळवळीच्या रेट्यानें १९८३ सालीं बलात्काराचा कायदा बदलला, आणि त्याच वर्षीं पतीच्या व सासरच्या क्रूरतेला स्वतंत्र गुन्हा ठरविणारें कलम ४९८-अ दंडविधानांत आलें. आज तें भारतीय न्याय संहितेंत कलम ८५ व ८६ या रूपानें आहे.

माजघराची फिर्याद आतां सदरेवर ऐकली जाऊं लागली; पण शिक्षेचा उपाय झाला तरी घडून गेलेल्या गोष्टीचा. नवऱ्याला अटक होई, जामिनावर तो घरीं येई, आणि त्या रात्रीं काय होईल या भीतीनें स्त्री तक्रारच करीत नसे. पुष्कळ स्त्रियांना नवरा तुरुंगांत जावा अशी इच्छाहि नसते. मार थांबावा, छप्पर राहावें, मुलांच्या मुखीं अन्न पडावें, एवढेंच त्यांचें मागणें असतें. या साध्या मागणीला कायद्यांत घर नव्हतें.

हा पेंच केवळ आपलाच नव्हता. लंडनच्या चिझिक भागांत १९७१ सालीं मार खाणाऱ्या स्त्रियांसाठीं आश्रयस्थान उघडलें, आणि १९७६ मध्यें इंग्लंडांत असा कायदा झाला कीं, घटस्फोटाचा दावा न लावतांहि स्त्रीनें मनाई हुकूम मागावा, आणि प्रसंगीं पतीलाच घराबाहेर ठेवावें. त्याच वर्षीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया राज्यानेंहि तशा स्वरूपाचा संरक्षण-आदेश आणला. दिवाणी न्यायालयाची मनाई आणि ती मोडल्यास फौजदारी शिक्षा, असा हा संयोग होता.

भारतांत २००२ सालीं लोकसभेंत एक विधेयक आलें. पण त्यांत नेहमीं मारहाण करणाऱ्यावरच बोट ठेवलें होतें, आणि स्वतःच्या वा मालमत्तेच्या रक्षणासाठीं केलें असें म्हणावयास पतीला पळवाट होती. जणूं कधींमधीं दिलेला मार हा मारच नव्हे! स्त्री-संघटनांनीं त्यास कसून विरोध केला. अखेर कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचें संरक्षण करणारा कायदा २००५ सालीं संमत झाला, आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो अमलांत आला. हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती असा भेद त्यांत नाहीं. सदरमधल्या शेजारणींना प्रथमच एक उपाय मिळाला.

या कायद्यानें हिंसाचाराचा अर्थ मारहाणीपुरता ठेवला नाहीं. लैंगिक छळ, शिवीगाळ व मानहानि, आणि पैसा वा स्त्रीधन अडवून केलेली कोंडीहि त्यांत घातली. अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यापुढें करावयाचा. तो स्वतः स्त्रीला करतां येतो, संरक्षण अधिकाऱ्याला करतां येतो, किंवा तिच्या वतीनें दुसऱ्या कोणालाहि करतां येतो. स्त्री जेथें तात्पुरती राहत असेल तेथील न्यायालयहि चालतें; म्हणजे सासर परगांवीं असलें तरी सदरमध्यें माहेरीं आलेल्या मुलीला नागपुरांतच दाद मागतां येते. पोलिसांकडे गेल्यास तिच्या हक्कांची माहिती देणें हें त्यांचें कर्तव्य ठरविलें आहे, आणि मोफत कायदेशीर मदत मिळण्यास स्त्रीला उत्पन्नाची अट नाहीं. पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांच्या आंत पडावी आणि त्या तारखेपासून साठ दिवसांत अर्ज निकालीं काढण्याचा प्रयत्न व्हावा, असें कायदा म्हणतो. निकड असेल तर प्रतिज्ञापत्रावर विसंबून, दुसरी बाजू येण्यापूर्वींहि हुकूम देतां येतो.

संरक्षण-आदेशानें हिंसाचारास मनाई होते. तिच्या कामाच्या जागीं जाण्यास, तिच्याशीं संपर्क साधण्यास, समाईक मालमत्ता वा स्त्रीधन परस्पर विकण्यास मनाई होते. सोबत निवासाचा हुकूम, खर्चाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा आणि नुकसानभरपाई हींहि मागतां येतात. हुकूम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, ज्या घरांत ती नांदली त्या घरांत राहण्याचा हक्क तिला दिला, मग त्या घरावर तिचें नांव असो वा नसो.

हा हक्क कागदावरून प्रत्यक्षांत येतांना काय झालें, तें अमरावतीच्या एका खटल्यावरून दिसतें. २००७ सालीं एका विवाहितेनें तेथील न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज केला. दरमहा १,५०० रुपये द्यावे आणि निकालापर्यंत तिला घराबाहेर काढूं नये, असा हुकूम झाला. सासरच्यांनीं म्हटलें, कायदा प्रतिवादी म्हणून प्रौढ पुरुषाचेंच नांव घेतो. सासू आणि नणंद यांना त्यांत ओढतां येणार नाहीं. घर सासूच्या नांवावर असल्यानें तें सामायिक घर नव्हे, हाहि मुद्दा होता. नागपूर खंडपीठानें हें म्हणणें मानून त्या दोघींचीं नांवें वगळलीं आणि सुनेला घर सोडण्यास सांगितलें. ती सर्वोच्च न्यायालयांत गेली. ३१ जानेवारी २०११ रोजीं तेथें निर्णय झाला कीं, पतीच्या नातेवाइकांत स्त्रियाहि येतात, आणि त्या वगळण्याचा कायद्याचा हेतु नाहीं. घर सोडण्याचा हुकूम रद्द झाला.

पुढें २०१६ सालीं 'प्रौढ पुरुष' हे शब्दच सर्वोच्च न्यायालयानें घटनाबाह्य म्हणून काढून टाकले. सासूसासऱ्यांच्या मालकीच्या घरांत सुनेला हक्क नाहीं, असा २००६ चा एक निर्णय वाटेंत होता. तोहि १५ ऑक्टोबर २०२० रोजीं दूर झाला. ज्येष्ठांच्या निवांत राहण्याच्या हक्काचाहि विचार न्यायालयानें करावा, असें त्या वेळीं सांगितलें गेलें, आणि तें न्याय्यच आहे.

या कायद्यानें घरें मोडतील, असा आक्षेप पुष्कळ वेळां येतो. रखमाबाईंच्या वेळीं तो आला होता, हिंदु कोड बिलाच्या वेळींहि आला होता. परंतु या कायद्याची घडणच निराळी आहे. तो पतीला प्रथम तुरुंग दाखवीत नाहीं आणि पत्नीला प्रथम दार दाखवीत नाहीं. घर उभें ठेवून मार थांबवा, एवढेंच तो सांगतो. घर मोडतें तें मारानें. फिर्यादीनें तें मोडल्याचें केवळ दिसूं लागतें.

खरी उणीव निराळीच आहे. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील विवाहित स्त्रियांपैकीं सुमारे २९ टक्के स्त्रियांनीं पतीकडून हिंसा झाल्याचें सांगितलें. आणि हिंसा सोसलेल्यांपैकीं कोणाकडे मदत मागितलेल्या स्त्रिया केवळ १४ टक्के होत्या. साठ दिवसांची मुदत पुष्कळदां पाळली जात नाहीं. कायदा अमलांत येऊन अठरा वर्षें लोटल्यावर, २०२५ च्या मे महिन्यांत, संरक्षण अधिकारी नेमा असें सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना बजावावें लागलें. हुकूम देणारा न्यायाधीश आहे, हुकुमाचा कागदहि आहे. पण तो कागद हातीं घेऊन त्या स्त्रीबरोबर तिच्या दारापर्यंत जाणारा माणूस हवा.

माजघर ते सदर हें अंतर कायद्यानें आतां जवळजवळ तोडलें आहे. उरलीं आहेत तीं शेवटचीं कांहीं पावलें. तीं शेजाऱ्यांनीं टाकावयाचीं आहेत. भिंतीपलीकडचा आवाज ऐकून जो आजवर 'त्यांच्या घरचा प्रश्न' म्हणून दार लावून घेत आला, त्यालाहि तिच्या वतीनें अर्ज करण्याचा अधिकार कायद्यानें दिला आहे. त्या अधिकाराचें स्मरण ठेवणें एवढें तरी प्रत्येक घराला करतां येण्याजोगें आहे.